भैय्याजींचा डोळा आणि विजयचा पाय

आपलं लग्न मोडणार आहे हे नलिनीला आईच्या तोंडून कळलं, आणि तेही गवारीच्या शेंगा मोडता मोडता.

"तुहे बाबूजी पोळ्याले सावरगावले जाऊन राहिले नं," शकुबाई मान वर न करता म्हणाल्या, "तवा थे साडीबी घेऊन जातीन. भैय्याजीले वापस करून टाकतीन. झालं."

नलिनी मोहगावच्या शाळेत शिकवून नुकतीच सौंसरला घरी पोचली होती. हाताचा खडूसुद्धा धुतला नव्हता. एवढी मोठी गोष्ट या घरात इतक्या हळू आवाजात सांगतात, याचाच तिला आधी राग आला. बाकीच्या सगळ्याचा मागून आला.

"झालं मतलब? माही साडी हाये थे."

"घडी कुठं मोडली तिची? घडी न मोडलेली साडी त्यायचीच असते."

हे मात्र खरं होतं. साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, विजयच्या आईनं, देवकाबाईंनी, दोन साड्या दिल्या होत्या. एक तिथल्या तिथे नेसायची. दुसरी डाळिंबी रंगाची, जरीच्या काठाची, नागपूरच्या इतवारीतून आणलेली, ती लग्नाची. तिची घडी मांडवातच मोडायची, त्याआधी खांद्यावर टाकूनसुद्धा बघायची नाही, अशी त्या घरची रीत होती. नलिनीनं ती पाळली. वर्ष उलटून गेलं तरी साडी कपाटात डांबराच्या गोळ्यांसोबत पडून होती आणि ही अधूनमधून कपाट उघडून तिच्याकडे नुसती बघत होती. नको तिथे शहाण्यासारखं वागलं की असं होतं.

विजय पांढुर्ण्याचा, भैय्याजींचा मुलगा. बापाची संत्र्याची बाग सोडून फौजेत शिपाई झाला होता. लग्न दिवाळीनंतरचं ठरलं होतं, पण त्याआधीच त्याची पलटण लंकेत गेली. तिथे सिंहली आणि तमिळ यांची आपसातली लढाई पेटलेली, आणि ती थांबवायला आपल्या सरकारनं शांतिसेना पाठवली होती. शांतिसेना हा शब्द ज्या कुणी शोधून काढला, त्याला नलिनीच्या वर्गात पाठवायला हवं होतं. तिनं त्याला दिवसभर बाकावर उभं केलं असतं. कारण त्या शांतीच्या कामात, थंडीच्या दिवसांत, जाफन्याजवळच्या एका रस्त्यावर विजयचं पाऊल सुरुंगावर पडलं आणि उजव्या गुडघ्याखाली काही उरलं नाही.

ही लढाई सौंसरला कुणाला पटतच नव्हती. नलिनीच्या बापाच्या, रघुनाथरावांच्या, कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक मांडी घालून बसायचं, लट्ठा चाचपायचं आणि विचारायचं, "शांती करायले गेला होता नं जवाई तुमचा? मंग पाय कसा गेला जी?" शाळेतले मास्तर म्हणाले, "लंकेत? मारुतीच्या लंकेत?" आणि हसून घेतलं. पाकिस्तानशी लढताना पाय गेला असता तर चौकात फोटो लागला असता, हार पडले असते. ह्या लढाईला धड नाव नव्हतं, तर त्यात गेलेल्या पायाला कोण विचारतो!

देवकाबाई मात्र जामसांवलीच्या मारुतीला सांगून आल्या होत्या, "देवा, तुले लंकेचा रस्ता माईत हाये. माह्या पोट्ट्याले संग घेऊन ये." पोरगा आला, एक पाय तिकडे ठेवून आला. देवकाबाईंनी मारुतीला बोल लावला नाही. बोल लावणारे दुसरेच निघाले.

आणि जामसांवलीलाच नलिनी आणि विजय पहिल्यांदा नीट बोलले होते. साक्षगंधानंतरचा शनिवार होता, पहाऱ्याला चुलतबहीण छाया. विजय फौजी चालीनं ढांगा टाकत पुढे आणि ह्या दोघी पदर सावरत मागे धावताहेत. शेवटी नलिनी भर रस्त्यात थांबली आणि ओरडली, "ढांगा पलटणीत टाका! माह्यासंग चालायचं असन तं हळू चाला." छायानं जीभ चावली. विजय वळला, आणि तिथून देवळापर्यंत नलिनीच्या पावलाशी पाऊल जुळवत चालला. पायऱ्यांशी आल्यावर त्यानं विचारलं, "आता बराबर?"

त्या दोन शब्दांवर नलिनीचा जीव जडला. तिच्या रागाला आजवर कुणी हसलं होतं, कुणी घाबरलं होतं, कुणी कानाआड केलं होतं. ऐकून घेऊन तसं वागणारा हा पहिलाच माणूस भेटला. तो आपला आहे, एवढं तिनं त्या पायऱ्यांवर ठरवून टाकलं.

म्हणून आईनं ते सांगितलं त्या रात्री बाप जेवायला बसल्यावर ती समोर जाऊन उभी राहिली.

"त्याचंच म्हणणं हाये," रघुनाथराव भाताकडे बघत म्हणाले. "भैय्याजीनं निरोप धाडला. पोट्टा म्हणते, पोरीले मोकळं करा. मंग मी काहून अडून बसू? आणि खरं सांगू नलू, लंगड्याले पोरगी देऊन लोकायले काय तोंड दाखवू?"

"दोन पाय होते तवा दिली नं?"

"कुठं दिली? साक्षगंध झालं होतं, लगन नाही."

विजय असं म्हणाला असेल याची नलिनीला शंका नव्हती. पुण्याच्या फौजी दवाखान्यात तिनं पत्रं धाडली होती, आणि तिकडून एक ओळ आली नव्हती. तेव्हा आता राग दोघांवर होता, बापावर आणि विजयवर. विजयवर जास्त, कारण बापाकडून तिची फारशी अपेक्षा नव्हती.

आता भैय्याजींच्या डोळ्याचं सांगायला हवं, कारण ही सोयरीक त्या डोळ्यातूनच निघाली होती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधल्या जाम नदीत गोटमार होते. पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात. सावरगाव तो राखतं, पांढुर्णा तो काढायला येतं, आणि दोन्ही काठांवरून दिवसभर धोंडे बरसतात. कधीकाळी पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावची मुलगी घेऊन निघाला, दोघं नदीच्या मधोमध असताना दोन्ही गावांनी त्यांना धोंडे मारून संपवलं, त्याची ही आठवण, असं सांगतात. दोन जीव मारल्याचा पस्तावा दरवर्षी नवी डोकी फोडून करायचा! पण त्या दिवशी लागलेला धोंडा चंडीदेवीचा. त्याचा राग धरायचा नाही, पोलिसात जायचं नाही, संध्याकाळी एकमेकांच्या घरी चहा प्यायचा.

रघुनाथराव मूळचे सावरगावचे. दुकानासाठी सौंसरला आलेले. तरणेपणी त्यांच्या हाताला भारी नेम होता. एका गोटमारीत त्यांचा धोंडा समोरच्या काठावर भैय्याजींच्या डाव्या डोळ्यावर बसला आणि डोळा गेला. भैय्याजींचं तेव्हा देवकाबाईंशी नुकतंच साक्षगंध झालेलं. देवकाबाईंच्या बापानं काही ते मोडलं नाही. उलट देवीनं निवडलेला जवाई म्हणून घोड्यावर बसवून गावभर मिरवला. रघुनाथराव नारळ घेऊन दवाखान्यात गेले, दोघं गळ्यात पडून रडले आणि जानी दोस्त झाले; पोरांची सोयरीकही पुढे त्या दोस्तीतच ठरली. तेव्हापासून दर गोटमारीच्या सकाळी रघुनाथराव पूल ओलांडून भैय्याजींकडे चहाला जायचे, आणि चहा झाला की आपल्या काठावर परत येऊन धोंडे हातात घ्यायचे.

"भैय्याजीच्या डोळ्यावर माहं नाव लिवलं हाये," ते चारचौघांत सांगायचे. भैय्याजी हसायचे, सगळे हसायचे. लहानपणी नलिनीही हसली होती.

यंदा त्या चहालाच साडी परत द्यायची, असा रघुनाथरावांचा बेत होता. गर्दीचा दिवस, कुणाचं लक्ष जाणार नाही, दोस्तीतच गोष्ट मिटेल. नलिनी म्हणाली, मीही पोळ्याला येते. बापाला वाटलं, पोरगी वळणावर आली.

सावरगावला ते सगळे तुळशीरामकाकांच्या घरी उतरले. पोळा झाला, बैल ओवाळले, पुरणपोळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी, गोटमारीच्या सकाळी, घरात आंघोळींची धांदल असताना नलिनीनं खुंटीवरची बापाची पिशवी खाली घेतली. डाळिंबी साडी काढली आणि तिच्या जागी आपली शाळेत नेसायची निळी सुती साडी घडी करून ठेवली. पिशवीचे बंद होते तसे बांधले. थोड्या वेळानं रघुनाथराव टोपी ठाकठीक करत, ती पिशवी काखेत मारून पुलाकडे निघाले.

मग नलिनीनं मधल्या खोलीत दार लोटून साडीची घडी मोडली. इतके दिवस एकाच घडीवर राहून कापड कडक झालं होतं, उलगडताना कुरकुरलं. अर्धी साडी नेसून झाली तेव्हा दारात शकुबाई उभ्या होत्या.

"मारतीन तुले तुहे बाबूजी."

"मारू दे."

शकुबाईंनी मागे वळून बघितलं, आत आल्या, दाराला कडी घातली. मग खाली बसून त्यांनी मुलीच्या निऱ्या धरल्या आणि एकेक सरळ करून दिल्या. "तिरप्या नेसून राहिली," एवढंच म्हणाल्या. नलिनीला वाटलं आई आता रडेल, पण त्या उठून चुलीकडे गेल्या.

नदीत झाडाची पूजा चालली होती. दोन्ही गावांच्या बाया ओट्या घेऊन आल्या होत्या, नारळ फुटत होते, डफ वाजत होते. काठांवर धोंड्यांचे ढीग आदल्या दिवशीच रचून ठेवले होते. त्या गर्दीतून डाळिंबी साडी नेसलेली, हळद नाही, मुंडावळ्या नाहीत, अशी एक नवरी एकटी पूल ओलांडून चालली. बाया वळून बघत होत्या. "कोणाची व्हय हे?" कुणीतरी विचारलं. नलिनीनं बघितलंही नाही. लाज वाटायला रिकामी जागा लागते, आणि ती आतून रागानं काठोकाठ भरली होती.

भैय्याजींचं घर काठापासून हाकेच्या अंतरावर होतं, पुढे टिनाचा ओसारा, मागे आंगण. ती दारात पोचली तेव्हा रघुनाथराव खुर्चीवर बसले होते, पिशवी मांडीवर उघडी, आणि हातात तिची निळी सुती साडी. तिच्या काठाला खडूही लागलेला होता. भैय्याजी आपल्या एका डोळ्यानं त्या साडीकडे बघत होते. चहा तसाच निवत होता.

देवकाबाईंनी तिला आधी पाहिलं.

"घडी मोडली पोरीनं," त्या म्हणाल्या, आणि मटकन उंबऱ्यावरच बसल्या.

"नलू!" रघुनाथरावांचा आवाज चढला. "लाजशरम हाये का नाही? काढ थे साडी!"

"इथंच काढू?"

आतल्या दारात लाकडाची टकटक झाली आणि विजय कुबड्यांवर येऊन उभा राहिला. पायजम्याचा उजवा पाय दुमडून टाचणीनं अडकवला होता. तो वाळला होता, दाढी वाढली होती. नलिनीनं त्याला नखशिखान्त पाहिलं. तिला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचाही संताप आला.

"मी म्हटलं होतं मोकळं करा म्हणून," विजय तिच्याकडे न बघता म्हणाला. "सांगितलं नाही का तुले?"

"सांगितलं. तुमी नाही सांगितलं. माह्या पत्राले जवाब द्यायले पाय लागते का?"

"नलिनी!" रघुनाथराव ओरडले.

"मले कोणाची दया नाही पायजे," विजय म्हणाला.

"दया कोण करून राहिलं? मी भांडून राहिली तुमच्यासंग. दिसत नाही का तुमाले?"

त्याच वेळी नदीकडून एकदम आरोळी उठली, हजारो गळ्यांची, आणि मागोमाग धोंड्यांचा आवाज सुरू झाला. दोन्ही काठ भिडले. रघुनाथराव घाईनं उठले, टोपी शोधू लागले. भैय्याजी शांतपणे म्हणाले, "आता कुठं जाता? पूल बंद झाला. बसा." उभ्या आयुष्यात रघुनाथराव गोटमारीला पांढुर्ण्याच्या काठावर अडकले नव्हते. ते बसले.

आरोळी उठली की विजयचे हात कुबड्यांवर आवळले जात होते. कपाळावर घाम आला होता. नलिनीनं ते पाहिलं आणि तिचा आवाज आपोआप खाली आला. "काय होऊन राहिलं?"

"काही नाही." मग तोच बोलू लागला, भिंतीकडे बघत. "तिकडं गेलो तवा पयल्या दिवशी बायांनी ओवाळलं आमाले. नारळाचं पाणी पाजलं. एक म्हातारी तं रोज वाट पाहे माही, भाषा समजे नाही तरी बोलत बसे. मंग लढाई आमच्यासंगच लागली. एक म्हणे तुमी त्यायचे, दुसरा म्हणे तुमी ह्यायचे. दोघंबी आमालेच मारत. आमीबी मारले. म्हातारीचं घर जिथं होतं तिथं नुसता खड्डा राहिला, कोणाच्या गोळ्यानं झाला काय मालूम. आणि त्याच गल्लीत माहा पाय पडला. नदीच्या मधात उभे होतो आमी. दोन्हीकडून धोंडे. आणि इथं येऊन पायतो तं लोकं शौकानं..."

पुढचं त्याला बोलता आलं नाही, कारण एक चुकार धोंडा ओसाऱ्याच्या टिनावर येऊन आदळला. धडाम् असा आवाज झाला, आणि विजय होता तिथून जमिनीवर पालथा पडला. कुबड्या दोन दिशांना गेल्या. त्यानं दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं होतं आणि उरलेल्या एका पायानं तो जमीन रेटत भिंतीकडे सरकत होता. देवकाबाईंनी तोंडात पदर कोंबला.

रघुनाथराव हसले. दुष्टपणानं नाही हसले. सवयीनं हसले, जसं ते दर गोटमारीला हसायचे. "अरे, भेतो काय? धोंडा होय तो. देवीचा धोंडा!"

नलिनी उठली. ओसाऱ्याच्या टिनावरून घरंगळून धोंडा दारापुढे पडला होता. नारळाएवढा, नदीचा गुळगुळीत धोंडा. तो दोन्ही हातांनी उचलून ती आत आली आणि बापाच्या मांडीवर, निळ्या साडीवर, ठेवला.

"घ्या बाबूजी. तुमच्याच सावरगावचा हाये. मारा."

"काय बोलून राहिली तू?"

"माह्या पायावर मारा. उजव्या. नेम चांगला हाये नं तुमचा?" तिनं साडी घोट्याच्या वर उचलली आणि पाय पुढे केला. "आज गोटमार हाये. आज लागला तो देवीचा. भैय्याजीचा डोळा तुमी फोडला तं ते जवाई होऊन घोड्यावर मिरवले, तुमी त्यायचे दोस्त झाले, जन्मभर ह्या घरचा चहा पेले. यायचा पाय सरकारच्या हुकमानं गेला तं लंगडा म्हणून साडी वापस. तं करा मलेबी लंगडी. देवीच्या नावानं करा. मंग तं जोडी जमते? मंग तं लोकायले तोंड दाखवता येते?"

रघुनाथरावांनी धोंड्यावर हात ठेवला होता. कशासाठी, ते त्यांनाही कळलं नसेल. त्यांनी मदतीसाठी भैय्याजींकडे पाहिलं. भैय्याजी नेहमी अशा वेळी काहीतरी गमतीचं बोलून गोष्ट उडवून लावायचे. आज ते बोलले नाहीत. बोलल्या देवकाबाई.

"डोया देवीनं नोता फोडला, रघुनाथराव. तुमी फोडला होता." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "तवा सगळे हासले. मीबी हासली, हासाच लागे. पन लगनाच्या राती यायनं डोयावरची पट्टी सोडली आन् मी भेवानं कोपऱ्यात जाऊन बसली होती. हे तोंड फिरवून रडले. देवीचं नाव घेतल्यानं दुखनं कमी नाही होत जी. मंग दोघायनंच काढले दिवस. बरे काढले. पन तुमी आजपावेतो कधी इचारलं नाही, का भैय्याजी, दुखते का म्हनून."

भैय्याजींनी मान खाली घातली. त्यांचा चांगला डोळा भरून आला होता, आणि दुसऱ्या, बुजलेल्या डोळ्यातूनही पाणी येत होतं. त्यातूनही पाणी येतं हे रघुनाथरावांना माहीत नव्हतं. त्यांच्या मांडीवरून धोंडा सुटला, जमिनीवर पडला आणि खुर्चीच्या पायाशी जाऊन थांबला.

विजय भिंतीला पाठ लावून बसला होता. नलिनी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"हात देऊ नको," तो म्हणाला.

"नाही देत. उठा."

तिनं कुबड्या उचलून त्याच्या हाताला लागतील अशा ठेवल्या आणि तशीच उभी राहिली. त्याला वेळ लागला. एकदा घसरला, शिवी हासडली, पुन्हा सुरुवात केली. भिंत धरून, कुबडी धरून, घामाघूम होऊन उभा राहिला. नलिनी जागची हलली नाही.

"आता मी असाच चालीन," तो दात आवळून म्हणाला. "हळू."

"मंग? जामसांवलीले मी काय म्हटलं होतं?"

विजय तिच्याकडे बघत राहिला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं, डाळिंबी साडीकडे, तिच्या लाल झालेल्या नाकाकडे. मोकळं करा, हे त्यानं पुन्हा म्हटलं नाही.

दुपार कलली तसा डफांचा आवाज वाढला. पांढुर्ण्यानं झेंडा काढला होता. मिरवणूक चंडीच्या देवळाकडे निघाली, भैय्याजींच्या घरासमोरूनच. गुलालानं माखलेली माणसं, फुटलेली डोकी, रक्तानं चिकटलेले सदरे, आणि सगळे हसताहेत. आवाज आता सोसवेना म्हणून की बघून घेऊ एकदाचं म्हणून, विजय दारात येऊन उभा राहिला. बाकीचेही त्याच्या मागे आले.

पुढचा एक धिप्पाड गडी त्याला बघून थबकला. दुमडलेला पायजमा, कुबड्या, पडताना कपाळाला खरचटल्याची खूण. "वा रे पठ्ठे!" तो ओरडला आणि मूठभर गुलाल विजयच्या तोंडावर फासला. "पांढुर्ण्याचा शेर! पाय दिला देवीले! चंडी माता की जय!" गर्दीनं जय म्हटलं. दोघेतिघे त्याला खांद्यावर घ्यायला पुढे झाले. आठ महिन्यांत त्या पायाचा झालेला हा पहिला जयजयकार, आणि तोही चुकून.

"हात लावू नका!" नलिनी मध्ये घुसली. तिनं त्या गड्याला दोन्ही हातांनी मागे ढकललं. "गोटमारीत नाही गेला पाय. लढाईत गेला!"

गडी गोंधळला. मागच्यांकडे बघितलं. मग अगदी निरागसपणे त्यानं विचारलं, "कोणती लढाई?"

कुणाला माहीत नव्हतं. सगळे एकमेकांकडे बघत होते. नलिनीच्या तोंडात इतके शब्द एकदम आले की एकही बाहेर पडेना. तेवढ्यात तिच्या मागून बापाचा आवाज आला, दुकानात मोठ्या गिऱ्हाइकाशी बोलतानाचा, खणखणीत.

"लंकेतली. जाफन्याची. हा माहा जवाई होय, फौजी होय. सौंसरचा रघुनाथराव सांगून राहिला. ऐकू आलं का?"

गड्यानं हात जोडले आणि मिरवणूक पुढे सरकली. किती जणांना ऐकू गेलं कोण जाणे. डफ तर वाजतच होते. रघुनाथरावांनी टोपी काढून चेहरा पुसला. नलिनीनं पदराच्या टोकानं विजयच्या तोंडावरचा गुलाल पुसायला घेतला, लेकरांचं नाक पुसतात तसा, खसाखसा. नव्या साडीला डाग पडला.

"उशीर केला तुमी," ती बापाला म्हणाली. तिचा राग गेलेला नव्हता, आणि तिला तो इतक्यात जाऊ द्यायचाही नव्हता.

"केला," रघुनाथराव म्हणाले.

ऊन उतरल्यावर पूल उघडला. लग्नाआधी मुलगी सासरी कशी ठेवायची, म्हणून बापलेक परत निघाले. विजय म्हणाला, पुलापर्यंत येतो. देवकाबाई नको म्हणत होत्या, त्यानं ऐकलं नाही. रस्त्यावर दिवसभरात पडलेल्या धोंड्यांचा सडा होता, आणि कुबडी टेकायला मोकळी जागा सापडत नव्हती. विजय एकेक पाऊल शोधत चालला, नलिनी त्याच्या पावलाशी पाऊल जुळवत. रघुनाथराव दोघांच्या दोन हात पुढे होते. काखेत निळ्या साडीची पिशवी होती, आणि खाली वाकून वाकून ते वाटेतला प्रत्येक धोंडा उचलून बाजूला ठेवत होते.